हेमलकसा : श्रमातून उभी राहिलेली वस्ती

श्रमिकांच्या वस्त्यांचा इतिहास बहुधा एकाच क्रमाने घडतो. आधी काम येते, कामामागून कामगार येतो आणि मग वस्ती उभी राहते. १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात मायदेश सोडून निघालेले आयरिश लोक बोस्टन-न्यूयॉर्कच्या बंदरांत मजुरी करू लागले व तेथे त्यांचे मोहल्ले वसले. मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरणी आली; रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसे तिच्या आश्रयाला गेली आणि लालबाग-परळचे गिरणगाव झाले. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या, तेव्हा गिरणगावाचाही आधार सुटला. गडचिरोलीच्या अरण्यातील हेमलकसा ही वस्ती मात्र उलट्या क्रमाने घडली. येथे गिरणी नव्हती, खाण नव्हती, मजुरी देणारा मालकही नव्हता. आधी माणसे आली आणि काम त्यांनीच शोधून काढले.

हेमलकसा गडचिरोली जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, भामरागड तालुक्यात आहे. बल्लारपूरला आगगाडीतून उतरल्यावर आष्टीवरून आलापल्ली गाठावी लागते. तेथून पुढे साठाहून अधिक किलोमीटरची वाट सागाच्या घनदाट रानातून जाते. गाव ओलांडून थोडे पुढे गेले की भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी व इंद्रावती या तीन नद्यांचा संगम दिसतो, पलीकडे छत्तीसगड. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला. त्यापूर्वी हा सारा प्रदेश चंद्रपूर जिल्ह्यात होता आणि पावसाळ्यात नद्यांना पूर आला की महिनोन् महिने जगापासून तुटलेला असे.

या रानाचे मूळ रहिवासी माडिया गोंड. मोहाची फुले, तेंदूची पाने, चारोळी, हिरडा-बेहडा ही त्यांची संपत्ती. अंगावर अपुरे वस्त्र, पोटात अपुरे अन्न आणि बाहेरच्या माणसाविषयी मनात भीती, अशी त्यांची स्थिती होती. भीतीला कारणही होते. मीठ जंगलात पिकत नाही, म्हणून मिठाच्या बदल्यात वजनास वजन चारोळी देण्याचा व्यवहार या आदिवासी भागांत चाले. चारोळीचा शहरातील भाव ज्यांना ठाऊक आहे, त्या व्यापारी कुटुंबांना या सौद्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. तराजूची दांडी सरळ असूनही सौदा खोटा असू शकतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

अशा ठिकाणी २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्पाचा आरंभ केला. त्यामागे आनंदवनाचा अनुभव होता. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर त्यांनी ते उभे केले होते. समाजाने ज्यांना टाकून दिले, त्यांच्याच हातांनी तेथे विहिरी खणल्या गेल्या व शेती पिकली. हेमलकशाची पहिली झाडी तोडून, कुडाच्या झोपड्या बांधून राहण्याजोगी जागा करणाऱ्यांतही आनंदवनातून आलेले कार्यकर्ते होते. स्वतःचे दुःख भोगून उठलेली ही माणसे दुसऱ्याच्या दुःखाकडे चालत आली, हा या वस्तीच्या इतिहासाचा पहिला आणि सर्वांत मोलाचा अध्याय होय.

पुढच्याच वर्षी बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी नागपूरचे वैद्यकीय जीवन सोडून येथे राहावयास आले. घराला दार नव्हते. वीज व दूरध्वनी यांचे नावही नव्हते. दोघांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. आरंभी रुग्ण येईनात, कारण पुजाऱ्याच्या मंत्रावर लोकांचा विश्वास होता. मग एखादा असाध्य ठरलेला रुग्ण बरा होऊन आपल्या पायांनी गावी परतला की त्याची वार्ता रानातून पसरे. मेंदूचा हिवताप, अस्वलाने फाडलेला चेहरा, अडलेली बाळंतीण असे रुग्ण खाटेवर घालून, खांद्यावर वाहून, कित्येक कोसांवरून आणले जाऊ लागले. १९७५ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘स्विसएड’ संस्थेच्या साहाय्याने लहानसे रुग्णालय झाले. २००८ च्या सुमारास तेथे पन्नास खाटा होत्या आणि वर्षाला सुमारे चाळीस हजार रुग्णांवर विनामूल्य उपचार होत होते.

१९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. मुले रानाच्या ओढीने पळून जात आणि शिक्षक गावोगाव फिरून त्यांना परत आणीत. याच शाळेतून पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक व शासकीय कर्मचारी तयार झाले. ज्याच्या आजोबांना मिठाचा भाव विचारता येत नव्हता, तो नातू आता पावती वाचतो, वजन पाहतो आणि हिशेब मागतो. या वस्तीची खरी कमाई मोजायची तर ती येथे मोजावी.

प्राण्यांचे अनाथालय हा हेमलकशाचा सर्वांत प्रसिद्ध भाग. त्याची सुरुवात एका माकडीच्या पिलापासून झाली. शिकार करून परतणाऱ्या आदिवासींच्या खांद्यावर मेलेली माकडीण होती आणि तिला बिलगलेले पिलू जिवंत होते. डॉ. प्रकाश यांनी ते मागून घेतले. त्याचे नाव ‘बबली’ ठेवले. पुढे बिबटे, अस्वले, हरणे, मगरी, साप यांची भर पडत गेली. पांजरपोळाची परंपरा सांभाळणाऱ्या कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. शिकार करणाऱ्याला कोणीही पापाचे भय घातले नाही. तो भुकेपोटी मारतो हे आधी ओळखले गेले. भाजीपाला, धान्य व औषध यांची सोय होऊ लागली, पिले जिवंत आणून देण्याची विनंती झाली आणि हळूहळू तेच शिकारी अनाथ पिले घेऊन येऊ लागले. दयेचा उपदेश भरल्या पोटालाच पटतो, हे या अनाथालयाने दाखवून दिले.

२००८ साली डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला बाबा आमटे यांचे निधन झाले होते. आज पुढची पिढी, डॉ. दिगंत व डॉ. अनघा रुग्णालयात आणि अनिकेत व समीक्षा शाळा व इतर कामांत, हा भार वाहत आहे.

परंतु काळ बदलत आहे. शेजारच्या एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिजाची खाण सुरू झाली आहे. म्हणजे या अरण्यातही आता शहरांचाच क्रम येऊ घातला आहे: आधी काम, मग कामगार, मग वस्ती. माडिया तरुण त्या व्यवस्थेत केवळ रोजंदारीचा मजूर म्हणून उभा राहील की आपल्या भूमीचा जाणता भागीदार म्हणून, हा प्रश्न आता पुढे उभा आहे. गिरणगावाचा अनुभव असा की मालकाच्या कामावर वसलेली वस्ती त्या कामाबरोबरच ढासळते. हेमलकशाचा अनुभव असा की शिक्षण, आरोग्य व परस्परविश्वास यांवर उभी राहिलेली वस्ती अर्धशतक टिकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीलाही सामावून घेते.

हेमलकशाला जाणाऱ्याने पावसाळा टाळून हिवाळ्यात जावे. मुक्कामाची विचारणा प्रकल्पाकडे आधीच करावी. प्राणी पाहून लगेच परतीची गाडी धरू नये. रुग्णालयाच्या आवारात झाडाखाली तीन दगडांची चूल मांडून रुग्णासाठी भात शिजवणारे नातेवाईक दिसतील. तेथे क्षणभर थांबावे. मुलांनाही सोबत न्यावे आणि परतीच्या वाटेवर त्यांना चारोळी व मिठाच्या सौद्याची गोष्ट सांगावी. दुकानाच्या गादीवर बसण्यापूर्वी ती गोष्ट ठाऊक असणे व्यापाऱ्याच्या मुलाला उपयोगाचे आहे.