हवा काढा, मग टेकडी चढा

ऑस्ट्रेलियाच्या सिम्प्सन वाळवंटात वाळूच्या टेकड्या अकराशेच्या घरात, आणि सगळ्या समांतर, उत्तर-दक्षिण पसरलेल्या. त्यामुळे पश्चिमेच्या डलहौसी झऱ्यांवरून पूर्वेला बर्ड्सव्हिल गाठायचं, तर त्या एकेक करून ओलांडायच्या. वळसा घालायची सोयच नाही. १९६०च्या दशकात एका फ्रेंच कंपनीने तेलाच्या शोधात इथे वाट पाडली, म्हणून ती फ्रेंच लाइन.

गाडी ॲडलेडच्या आतेभावाची, स्टिअरिंगही त्याच्याच हाती. मागे पाणी, डिझेलचे जादा कॅन, फावडं. पुढच्या बंपरला उंच काठी आणि तिच्या टोकाला निशाण. जमिनीपासून साडेतीन मीटरवरचं हे निशाण पलीकडून चढणाऱ्याला माथ्यावरून आधी दिसतं. रेडिओ चॅनेल १०वर. माथा जवळ आला की भाऊ माइकवर आपली गाडी कुठे आहे ते सांगे. समोरासमोर टक्कर ही इथली खरी भीती, साप-विंचू नंतर.

एका चढावर पुढची गाडी रुतलेली होती. ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला की चाकं वाळू मागे फेकायची आणि गाडी आणखी दोन बोटं खाली जायची. भावाने टायरला गेज लावला. ३६ पौंड! "अरे, ही तर हायवेची हवा," तो माझ्याकडे बघून पुटपुटला. व्हॉल्व्ह दाबून चारही चाकं सोळावर आणली. टायरचं पोट सुटलं, वाळूवर टेकणारा पट्टा लांबला. चाकांपुढची वाळू उपसली, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा संथ गिअर) टाकला आणि गाडी आवाज न करता वर गेली.

भरल्या टायरांनी जोर करणारे मागे खड्ड्यांची रांग सोडून जातात. मागून येणाऱ्यांची हाडं त्यात खिळखिळी होतात. असल्या मर्दुमकीचं मला तरी कौतुक वाटत नाही.

ही वाट नव्हती तेव्हा, १९६२ साली, भूगर्भशास्त्रज्ञ रेग स्प्रिग बायको-मुलांना घेऊन निसान पॅट्रोल गाडीतून हे वाळवंट पार करून गेले. मोटारीने ते प्रथमच. त्याआधी १९३६मध्ये टेड कोल्सन उंटांवरून गेले. 'पहिला' म्हणून नाव त्यांचंच लागतं. सोबतचे आदिवासी पीटर एन्स तळटिपेत. वांगकांगुरू लोक तर वाळूत खोल खणलेल्या 'मिकिरी' विहिरींच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहत होते.

वाटेतला पॉपेल कॉर्नर म्हणजे क्वीन्सलंड, दक्षिण ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीचं तिठं. १८८०मध्ये ऑगस्टस पॉपेल यांची मोजणीची साखळी इंचभर लांब निघाली आणि सीमेचा खांब चुकून खाऱ्या तळ्यात रोवला गेला. तो नंतर काठावर हलवला.

शेवटची परीक्षा बिग रेड, जवळपास चाळीस मीटर उंच. तीही सोळा पौंडांवर पार झाली.

जायचं असेल तर जून ते ऑगस्ट बरा; दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या बाजूचं उद्यान १ डिसेंबर ते १५ मार्च बंदच असतं. आणि कॉम्प्रेसर विसरू नका. बिग रेड उतरल्यावर बर्ड्सव्हिलच्या रस्त्याला लागायचं, तर काढलेली हवा परत भरावी लागते.