सहा इंचांची थंडी

गोल्फ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार गवत, पांढरी टोपी, बॅटरीवरची गाडी आणि बहुतेक वेळा एखाद्या बिल्डरची जाहिरात. त्यात चाकणचे कंटेनर, तळेगाव-चाकण रस्त्यावरचा ट्रॅफिक किंवा भोसरीच्या गाळ्यातला कूलंटचा वास कुठे बसतो? पण बसतो हो! पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात रविवारी पहाटे गाडीच्या डिकीत गोल्फ किट टाकून निघणारी मंडळी आहेत. कुणी येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर जातात, कुणी डोंगर ओलांडून ऑक्सफर्डला, तर कुणी पवनेकाठी गहुंजेला. यातले फार थोडे ‘गोल्फर’ म्हणवून घेतील. बाकीच्यांचं म्हणणं एवढंच की आठवडाभर मशिनचा आवाज ऐकल्यावर चार तास कानाला आराम हवा.

या मंडळींचे हिवाळ्याचे नियम वेगळे असतात, असं कळलं तेव्हा मी कान टवकारले. म्हणजे स्वेटर घालायचा वगैरे नव्हे. खेळाचेच नियम!

तर एका जानेवारीत गहुंजेला पोचले. निगडीहून देहूरोड, किवळे, मामुर्डी करत गेलं की एक्स्प्रेसवेच्या कडेला क्रिकेट स्टेडियमच्या कडा दिसायला लागतात आणि त्याच भागात, लोढा बेलमाँडोच्या टॉवर्समध्ये, नऊ होलचं कोर्स आहे. सात वाजून गेले तरी सूर्य डोंगरामागेच. पवनेवरून धुकं उठत होतं, पारा दहा-अकरावर. माझ्या यजमानांसकट चौघं होते. यजमान तिथेच राहणारे, हिंजवडीतले आयटीवाले. दुसरे भोसरीत मशीन शॉप असलेले शेठ, तिसरे त्यांच्या कस्टमर कंपनीतले परचेसचे साहेब आणि चौथे चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी बघणारे जपानी गृहस्थ. एक गंमत सांगते. भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते, अख्ख्या पिंपरी-चिंचवडला ठाऊक आहे. पण शेठ खेळतात रविवारी. कारण साहेबांची सुट्टी रविवारी! यातच अर्धी कहाणी आली.

जपानी काकांनी पहिल्या टीवर हात चोळत पहिला प्रश्न विचारला, ‘सिक्स इंच? ऑर नो टच?’

हा प्रश्न जपानमध्ये अगदी रोजचा आहे म्हणे. तिथली हौशी मंडळी बॉल पडल्या जागेपासून सहा इंच सरकवायची मुभा देतात, आणि थंडीच असायला हवी असंही नाही. ज्यांना कडक खेळायचं ते ‘नो टच’ म्हणतात. बॉल हद्दीबाहेर गेला तर मागे जाऊन परत मारण्याऐवजी पुढे ठेवलेल्या टीवरून चौथा फटका मारायचा, अशीही सोय तिकडच्या अनेक कोर्सवर असते.

गोल्फचं मूळ तत्त्व मात्र नेमकं उलटं आहे. बॉल जिथे पडला तिथूनच मारा, रडू नका. १७४४ मध्ये एडिंबराजवळ लीथला खेळणाऱ्यांनी लिहून काढलेले नियम तेरा होते. पण त्यातही पाण्यात किंवा घाणीत गेलेला बॉल एका फटक्याच्या मोबदल्यात बाहेर काढायची सोय होती. म्हणजे पळवाट पहिल्या दिवसापासूनची! पुढे ब्रिटनच्या ओल्या, चिखलाच्या हिवाळ्यात फेअरवेची वाट लागायची, म्हणून ‘विंटर रूल्स’ आले. बॉल उचला, पुसा, होलच्या जवळ न नेता ठेवा. आता अधिकृत भाषेत याला ‘प्रिफर्ड लाय’ म्हणतात. तो कमिटीने जाहीर करायचा लोकल रूल आहे, फेअरवेइतक्या बारीक कापलेल्या गवतापुरताच, आणि किती अंतर सरकवायचं हेही कमिटीच ठरवते. चौघांनी चहा पिता पिता ठरवून चालत नाही. उलट स्पर्धेत खेळाडूंनी संगनमताने एखादा नियम बाजूला ठेवला तर सगळेच बाद. पण इथे स्पर्धा कुठे होती? हरणाऱ्याने नाश्ता द्यायचा, बस.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठला आलाय चिखल हिवाळ्यात? बरोबर. आपला चिखल जुलैत. आपल्याकडे ब्रिटिश ‘विंटर रूल्स’ खऱ्या अर्थाने लागतात ते पावसाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत इथला प्रश्न दुसराच असतो. आपल्याकडच्या बऱ्याच फेअरवेंवर जे बर्म्युडा गवत लावतात ते दुसरंतिसरं काही नसून आपली हरळी. होय, गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंच घराणं! रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला की हरळी वाढायची थांबते, पिवळी पडते. जिथे पाय किंवा गाड्यांची चाकं जास्त फिरतात तिथे खाली मुरूम डोकावतो. त्यावरून लोखंडी क्लब फिरवला तर बॉल जाईल न जाईल, क्लबची धार नक्की जाते. आणि मनगट झणझणतं ते वेगळंच. जमेची बाजू एकच. टणक जमिनीवर बॉल घरंगळत लांब जातो, त्यामुळे जानेवारीत प्रत्येकाला आपला स्विंग सुधारल्याचा भास होतो.

म्हणून या चौघांनी आपलं संविधान केलंय. पहिल्या टीवर एक फटका माफ, कारण अंग आखडलेलं असतं. याला जगभर ‘ब्रेकफास्ट बॉल’ म्हणतात आणि नियमांच्या पुस्तकात याला जागा नाही. फेअरवेवर सहा इंच. उघड्या मुरुमावर पडला तर एक क्लबभर अंतरात ड्रॉप, दंड नाही. वाळक्या पानांत हरवला आणि तो तिकडेच गेल्याचं चौघांना मान्य असेल, तर अंदाजे जागी नवा ठेवायचा, एक फटका वाढवायचा. हा शेवटचा नियम वाटतो तेवढा बेकायदा नाही बरं का! खऱ्या नियमानुसार बॉल तीन मिनिटांत सापडला नाही तर मागे जाऊन परत मारावा लागतो. पण २०१९ मध्ये नियमांची मोठी फेररचना झाली, तेव्हा हौशी खेळाचा वेळ वाचावा म्हणून क्लबांना एक लोकल रूल दिला गेला. दोन फटके दंड घ्या आणि पुढेच ड्रॉप करा. आपली मंडळी एकावर भागवतात एवढंच. मंदीचं वातावरण आहे, असं शेठ म्हणाले.

सगळ्यात मजा दवाची. सकाळच्या ग्रीनवर बॉल सोडला की मागे पाण्याची रेघ उमटते, आणि पहिला पट मारणारा मरतो. त्याचा बॉल अर्ध्यात थांबतो, आणि बाकीच्यांना त्याची रेघ बघून उतार फुकटात कळतो. कपड्याने पुसून घ्यावं? नाही चालत! पाचोळा उचलता येतो, पण दव हा ‘सुटा अडथळा’ नाही, असं नियम बजावून सांगतो. यांनी तोडगा काढला. ऊन ग्रीनवर येईपर्यंत दोन पटांच्या वर कुणी मोजायचं नाही.

अशा तडजोडी करणारे हे काही पहिले नाहीत. मुंबईत जन्मलेला रुडयार्ड किपलिंग १८९० च्या दशकात अमेरिकेत व्हरमाँटला राहत असताना बर्फात दिसावेत म्हणून बॉल लाल रंगवून खेळायचा. १९४० मध्ये लंडनजवळच्या रिचमंड क्लबने तर बाँबवर्षावासाठी तात्पुरते नियम काढले होते. स्फोटाच्या आवाजाने फटका चुकला तर परत मारा, पण दंड एक फटका! आपल्याकडेही पाण्याची ओढ असलेल्या कित्येक लष्करी कोर्सवर ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ असायचे. वाळूत तेल कालवून थापलेलं वर्तुळ, आणि पट मारण्याआधी ते फळीने सारखं करायचं. गवत नाही म्हणून खेळ अडला नाही.

तर आपण सातव्या होलवर. तोवर सगळं खेळीमेळीत चाललेलं. साहेबांचा बॉल फेअरवे सोडून रफमध्ये गेला आणि एका दगडाच्या मागे जाऊन बसला. कॅडी बॅग घेऊन पुढे होता. साहेबांनी बुटाच्या टोकाने बॉल बाजूला घेतला. सहा इंच नव्हे, चांगला हातभर. ‘विंटर रूल,’ म्हणाले आणि हसले.

कुणीच बोललं नाही. जपानी काका आपल्या हातमोज्याकडे बघत होते. यजमानांना अचानक फोन बघायची आठवण झाली. शेठच्या रेट रिव्हिजनची फाइल गेले दोन महिने याच साहेबांच्या टेबलावर होती, हे मला सकाळी गाडीतच कळलं होतं. स्टीलचे भाव वाढलेले, जुना रेट परवडत नव्हता, दोन मशिनं बंद ठेवलेली.

‘साहेब, रफमध्ये नाही,’ शेठ म्हणाले. आवाज अगदी साधा. ‘फेअरवेतच ठरलंय आपलं.’

साहेब क्षणभर थांबले. मग बॉल परत दगडामागे ठेवला, तिथून एक फटका वाया घालवला, दुसरा बंकरमध्ये. त्या होलवर आठ झाले. पुढचे दोन होल फक्त पक्ष्यांचे आवाज आणि एक्स्प्रेसवेची घरघर.

नंतर चहाच्या वेळी साहेब हात धुवायला गेले तेव्हा मी शेठना विचारलं, कशाला बोललात? ‘माझा पार्ट दोन दशांश मिलीमीटर जास्त भरला तर हेच साहेब अख्खा लॉट परत पाठवतात,’ ते म्हणाले. ‘मापाची सवय त्यांनीच लावली ना मला?’ मग कपातला चहा संपवून हळूच म्हणाले, ‘रात्री झोप लागणार नाही, ते सोडा.’ फाइलचं काय झालं ते मी विचारलेलं नाही.

कॅडी जवळच्याच गावातला, आयटीआय फिटर झालेला. आठवडाभर चाकणला कंत्राटावर आणि रविवारी इथे. त्याचं मत मी मुद्दाम विचारलं. ‘ताई, सहा इंच म्हणजे एकशे बावन्न पॉइंट चार,’ एवढंच बोलला.

जाता जाता त्याच्याकडून एक गोष्ट कळली. फेअरवे पिवळं दिसलं की पाहुणे तक्रार करतात, पाणी मारत नाही का म्हणून. आता हे बोलायला मावळ ही फार अवघड जागा आहे. पवनेचं पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला गोळीबार झाला, त्यात तिघं गेले. नोव्हेंबर २०१९ पासून खुद्द पिंपरी-चिंचवडकरांच्या नळाला दिवसाआड पाणी आलं. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वापरणारी कोर्सेस आहेत, तो भाग वेगळा. पण हरळी फेब्रुवारीत ऊब आली की आपणहून हिरवी होते. तोवर सहा इंच सरकवून घेतलं तर कुणाचं काय बिघडतं? मला तरी पिवळ्या फेअरवेचा सौदा पटला. जुने ब्राउन आठवा.

जायचंय? नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस मस्त. बहुतेक ठिकाणी सभासदाचा पाहुणा म्हणून जावं लागतं, तेव्हा आधी ओळख काढा. जीन्स नको, कॉलरवाला टीशर्ट हवा. पिवळ्या गवतात पांढऱ्यापेक्षा केशरी बॉल पटकन दिसतो. पहिल्या टीवरच नियम मोठ्याने ठरवून घ्या, किती इंच आणि कुठे कुठे. परतताना सोमाटणे फाट्याला गरमागरम मिसळ हवीच. आणि मोज्यांचा एक जादा जोड ठेवा, तिसऱ्या होलपर्यंत पायातला भिजलेला असतो.