सारनाथचे तरुण सिंहली भन्तेजी

जानेवारीच्या धुक्यात आम्ही विक्रोळीचे तीस उपासक-उपासिका महानगरी एक्स्प्रेसने वाराणसीला उतरलो. तेथून सारनाथ सुमारे दहा किलोमीटर. तथागतांनी पहिले प्रवचन दिले ती ही भूमी. पहिल्या साठ भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी वेगवेगळ्या वाटांनी त्यांनी पाठविले ते येथूनच. धम्मप्रचारकाच्या कामाचा आरंभ असा सारनाथचा आहे. आम्हाला सांगायचे आहे ते आज तेथे राबणाऱ्या एका तरुण भन्तेजींविषयी.

तेथला मूलगंधकुटी विहार १९३१ मध्ये खुला झाला. तो उभारला श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी. १८९१ मध्ये ते बुद्धगयेला आले तेव्हा केवळ सव्वीस वर्षांचे होते. बुद्धगयेची दुरवस्था पाहून ते हेलावले आणि त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली. १९३३ मध्ये सारनाथलाच त्यांचे निधन झाले. विहारातील बुद्धचरित्राची भित्तिचित्रे जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांची आहेत. बुद्धाला विसरलेल्या देशात बुद्ध परत आणण्यासाठी परक्या देशांतील माणसे झिजली, हे तेथे उभे राहिले की कळते.

आमचे भन्तेजीही श्रीलंकेचे. वय पंचविशीच्या आतबाहेर. पहाटे साडेचारला उठतात, अंगण झाडतात, मग बुद्धवंदना. सकाळी वस्तीतील मुलांना शिकवितात. दुपारी बाराच्या आत जेवण. त्यानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही. दुपारभर हिंदीचा अभ्यास. हिवाळ्यात यात्रेकरूंची रीघ असते. त्यांना स्तूप दाखवायचा, त्रिशरण-पंचशील द्यायचे, आजाऱ्याला दवाखान्यात पोहोचवायचे. संध्याकाळी विहारात धम्मचक्कपवत्तन सुत्ताचा पाठ होतो. जे सुत्त या भूमीवर सांगितले गेले, ते या भूमीवरच ऐकताना आम्हा सर्वांचे हात आपोआप जुळले.

भन्तेजींना सर्वांत कठीण काय गेले? थंडी, मोहरीच्या तेलाची भाजी? ते हसून म्हणाले, "हिंदीतले 'का, की, के'!" सिंहलीत असा प्रकार नाही. "रोटी अच्छा है" म्हटले की मुले खिदळतात आणि सुधारून देतात. "मी त्यांना शिकवितो, ती मला शिकवितात," असे ते म्हणाले. धुक्यात नारळाच्या झाडांची, समुद्राची आठवण येते, हेही त्यांनी लपविले नाही.

आमच्यातील एका वडीलधाऱ्या उपासिकेने विचारले, "भन्तेजी, आईची आठवण येत नाही का?" ते क्षणभर थांबले. मागच्या वर्षी त्यांची आई यात्रेकरूंबरोबर आली होती. आईने आधी त्यांना वाकून वंदन केले, कारण तिच्या समोर मुलगा नव्हता, चीवर होते. भन्तेजींनी आशीर्वाद दिला. मग आईने हळूच विचारले, "जेवलास का?" हे ऐकून आमच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले.

त्या रात्री धर्मशाळेत तीच उपासिका म्हणाली, "माझा नातू असा जातो म्हणाला, तर मी पाठवीन का गं?" कोणीच लगेच उत्तर दिले नाही.

बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आपल्या सर्वांचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थवीर ब्रह्मदेशातील अराकानचे. ते तरुणपणीच भारतात आले, कुशीनगरला राहिले, तेथल्या लोकांत मिसळले आणि तेथेच वृद्ध झाले. परक्या मुलखात वर्षानुवर्षे काढलेल्या त्या साध्या दिवसांचे फळ आपल्या पदरात पडले. त्यांच्या आईनेही कधीतरी मुलाला निरोप दिला असेलच ना!

१९५० मध्ये 'महाबोधी' मासिकातील लेखात बाबासाहेबांनी लिहिले होते की भिक्खू थोडे असावेत, पण सुशिक्षित असावेत. आणि ख्रिस्ती मिशनरी शिक्षण व औषधोपचारातून लोकसेवा करतात, तशी सेवा भिक्खूंनी करावी. त्याच विचारांच्या वाटेवर हे तरुण भन्तेजी रोज पहाटे झाडू हाती घेतात. आपण मात्र विहारात भन्तेजी आले की पुढे वाकतो, दान देतो आणि घरी जातो. आपल्या मुलांना पाली शिकवितो का? दुसऱ्या प्रांताची भाषा शिकायला सांगतो का? मुलगा श्रामणेर शिबिराला जातो म्हणाला, तर परीक्षा बुडेल म्हणून अडवितो की सुट्टीत पाठवितो?

सारनाथला जाल तेव्हा फोटो काढून लगेच गाडी गाठू नका. संध्याकाळच्या सुत्तपाठाला थांबा. तेथल्या भन्तेजींशी दोन शब्द बोला, त्यांच्या मुलांसाठी वह्या-पेन्सिली न्या. आणि परतल्यावर घरातील मुलांना सांगा, की आपला धम्म आपल्यापर्यंत कोणाच्या पायांनी चालत आला.