उद्योग आणि न्याय यांचा हिशेब

शिबपूर, हावडा

चि. मुकुंद,

2011च्या पश्चिम बंगाल विधानसभा निवडणुकीत यादवपूरहून मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य उभे होते. 1987पासून ती जागा त्यांच्याकडेच होती. त्यांच्या कारकिर्दीवरचा वाद बहुधा दोन वेगळ्या प्रश्नांत मांडला जातो: उद्योग आणला का, आणि न्याय दिला का? ही फाळणीच चुकीची आहे. दोन्ही प्रश्न एकाच जमिनीवर उभे होते.

उद्योगाची बाजू हावड्यात चटकन पटते. बेलिलियस रोडच्या ओतकाम कारखान्यांमुळे या शहराला पूर्वेचे शेफील्ड म्हणत. पुढे कारखान्यांना आणि तागाच्या गिरण्यांना टाळी लागत गेली. हावड्याहून तारकेश्वर लोकलने जाता येणाऱ्या सिंगूरला टाटांचा मोटार कारखाना येणार, ही 2006ची घोषणा म्हणूनच मोठी होती. त्याच वर्षी त्यांच्या डाव्या आघाडीला 294पैकी 235 जागा मिळाल्या होत्या. उद्योग हवा, हा कौल खराच होता.

पण 997 एकर जमीन घेतली गेली ती 1894च्या कायद्याने. त्यात ‘सार्वजनिक प्रयोजन’ एवढे शब्द पुरत. शेतकऱ्याची संमती लागत नसे. ज्या आघाडीने 1978पासून बर्गादारांची, म्हणजे बटाईने कसणाऱ्यांची, नोंद करून त्यांना हक्क दिले, तिच्याच राज्यात नोंद नसलेला बर्गादार आणि शेतमजूर मोबदल्याबाहेर राहिले. याहून जड आरोप त्या कारकिर्दीवर दुसरा नाही, नंदीग्रामचा सोडून. रसायन प्रकल्पासाठी जमीन जाणार म्हणून तिथले गावकरी उठले आणि 14 मार्च 2007 रोजी पोलिसी कारवाईत 14 जण मारले गेले. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच वर्षी तो गोळीबार घटनाबाह्य ठरवला.

दुसरा मार्ग नव्हता असे नाही. सप्टेंबर 2008मध्ये रायगड जिल्ह्यात, पेणकडच्या 22 गावांत, रिलायन्सच्या सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची का, हे महाराष्ट्र सरकारने मतपेटी ठेवून विचारले. उत्तर नकाराचे आले, पण विचारले तरी गेले. त्याच महिन्यात सिंगूरला संपादनाविरुद्ध विरोधी नेत्या ममता बॅनर्जींचे धरणे चालू होते; 3 ऑक्टोबरला टाटांनी प्रकल्प हलवण्याचे जाहीर केले.

2011मध्ये यादवपूरला भट्टाचार्य 16,684 मतांनी पडले. त्यांना हरवणारे मनीष गुप्ता हे ममतांच्या पक्षाचे उमेदवार आणि माजी मुख्य सचिव. 21 जुलै 1993 रोजी ममता बॅनर्जींच्या मोर्च्यावर गोळीबार होऊन 13 जण मेले, तेव्हा गृहसचिव हेच होते. न्यायाचा हिशेब मागायचा तर तो त्यांच्याकडेही मागायला हवा होता.

ममतांच्या नव्या सरकारचे सचिवालय 2013मध्ये इथेच, शिबपूरच्या नबान्न इमारतीत आले. सिंगूरच्या जमिनीचा निकाल मात्र न्यायालयात आणि लवादातच लागला. 31 ऑगस्ट 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने संपादन रद्द केले, जमीन परत द्यायला लावली आणि दिलेला मोबदला शेतकऱ्यांकडेच राहू दिला. ऑक्टोबर 2023मध्ये लवादाने टाटा मोटर्सला 765.78 कोटी रुपये आणि त्यावर व्याज मंजूर केले. ते देणे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळावर आले. संमती मागणारा नवा कायदा 1 जानेवारी 2014पासून लागू आहे: खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांचा होकार लागतो.

तुझा,
काका