गंबोतली भेंडी

अमेरिकेला गेलेला मराठी माणूस नायगारासमोर फोटो काढतो आणि परत आल्यावर ते दाखवून शेजाऱ्यांना छळतो. आम्ही मात्र लुइझियाना राज्यातल्या लाफायेटला गेलो. कारण आमचा भाचा तिथे राहतो आणि भाच्याच्या घरी हॉटेलचं बिल येत नाही. कॉमर्सच्या पदवीचा एवढा तरी उपयोग व्हायला नको?

हे गाव केजन लोकांचं. यांचे पूर्वज फ्रेंच, राहणार कॅनडाकडच्या अकेडियात. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना घरादारातून उठवून गलबतांत कोंबलं. त्यांतले काही भटकत भटकत इथल्या दलदलीत येऊन टेकले. 'अकेडियन' शब्द घासून घासून 'केजन' झाला.

पहिल्याच रात्री गंबो खाल्ला. मैदा तेलात चांगला तांबूस परतायचा, मग कांदा, ढोबळी मिरची, सेलरी, कोळंबी आणि चक्क भेंडी! गंबो हा शब्दच मुळी आफ्रिकेतून आलेला, भेंडीचा. "अहो, ही तर भेंडीची आमटी!" सौ. म्हणाली. घरी भेंडी ताटाच्या कडेला सारणारा मी तिथे दोन वाडगे चापले, हे ती अजून विसरलेली नाही. तेवढ्यात अकॉर्डियन सुरू झालं आणि सत्तरीचे आजोबा आजींना घेऊन नाचू लागले. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी गंबोकडे पाहिलं.

इथल्या वॉरन पेरिन नावाच्या वकिलाने १९९० साली थेट इंग्लंडच्या राणीकडे अर्ज टाकला, की आमच्या हकालपट्टीची दखल घ्या. २००३ साली राणीच्या नावाने घोषणापत्र निघालं : झाले ते हाल मान्य, पण कायदेशीर वा आर्थिक जबाबदारी मान्य नाही! २४८ वर्षांनी प्रकरण निकालात, आणि वर दमडी द्यायची नाही. असा मसुदा आमच्या हेड ऑफिसलासुद्धा जमला नसता.

भाषेचं मात्र इतक्या स्वस्तात भागलं नाही. १९२१ च्या राज्यघटनेने शाळा इंग्रजी केल्या. मैदानात फ्रेंच बोललं की छडी, नाहीतर 'फ्रेंच बोलणार नाही' असं वहीभर लिहायचं. ती पोरं मोठी झाली. आपल्या पोरांनी कशाला मार खायचा, म्हणून त्यांनी घरात फ्रेंच शिकवलंच नाही. १९६८ साली सरकारने फ्रेंच वाचवायला मंडळ नेमलं आणि परदेशातून मास्तर आणवले. तोवर कित्येक घरांत फ्रेंच उरलं होतं ते आजी-आजोबांच्या भांडणापुरतं.

हे सगळं मला भाच्याच्या आठ वर्षांच्या मुलाने समजावून सांगितलं. इंग्रजीत. मी मराठीत विचारायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. त्याला मराठीपायी कुणी छडी मारलेली नव्हती, की वहीभर काही लिहायला लावलं नव्हतं.

सौ.ने उरलेले चार दिवस त्याला गंबोच्या वाडग्यासमोर बसवून 'भेंडी' म्हणायला शिकवलं. तो 'बेंडी' म्हणतो. फोनवर अजूनही म्हणतो.