सहा व्होल्ट गेले कुठे?

मल्टिमीटरच्या पडद्यावर ६.२ हा आकडा उमटला आणि मी आनंदाने ओरडलेच! काळी पिन बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर होती, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. दोन्ही जागा म्हणजे ‘अर्थ’. जाड तारेने एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे त्यांच्यात फरक जवळजवळ शून्यच हवा. आणि इथे सहा व्होल्ट! बॅटरीतली निम्मी ताकद सेल्फपर्यंत, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटारीपर्यंत, पोचतच नव्हती, वाटेत कुठेतरी जिरत होती. ती जागा आता मीटरच्या दोन पिनांमध्ये कोंडली गेली होती.

तुम्ही कधी चालू होणारी आणि कधी न होणारी गाडी पाहिली असेल, तर त्या आकड्याने मला काय झालं ते तुम्हाला कळेल. आमची जुनी पेट्रोल गाडी, आमच्या बाग सेवनिया वस्तीतल्या गल्लीत पावसाळाभर उघड्यावर उभी असते. मला रोज होशंगाबाद रोडने मंडीदीपला जायचं असतं. (त्या रस्त्याचं नाव आता नर्मदापुरम रोड झालंय, पण आमच्याकडे बोलताना अजून होशंगाबाद रोडच.) किल्ली फिरवावी तर कधी गाडी एका झटक्यात सुरू, कधी नुसतं ‘टक्’ आणि पुढे काहीच नाही. पुन्हा फिरवा, पुन्हा टक्. मध्येच, काहीही न बदलता, सुरू! मेकॅनिकला बोलावलं की हमखास सुरू. तो बॉनेटवर हात ठेवून म्हणायचा, “दीदी, गाड़ी तो एकदम ठीक है।” मग गल्लीतले निदान करायचे. कुणी म्हणे बॅटरी गेली, कुणी म्हणे सेल्फ उतरवून कार्बन बदला. बॅटरी गेल्याचा पुरावाही भक्कम होता, कारण शेजारच्या गाडीवरून जंप दिला की आमची गाडी दरवेळी लगेच सुरू व्हायची.

पण बॅटरी मोजली तर १२.६ व्होल्ट! शिशाच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. म्हणजे १२.६ ही पूर्ण चार्ज झालेली बॅटरी, १२.२ला ती निम्म्यावर आलेली असते. इंजिन चालू असताना आमचं मीटर १४.१ दाखवत होतं, म्हणजे डायनामोही व्यवस्थित चार्ज करत होता.

इथे आमच्या शेजारच्या काकांनी सूत्रं हाती घेतली. काका भेलमधून निवृत्त झालेले. जवळचाच तो कारखाना, १९५६ साली ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’ म्हणून स्थापन झालेला, रेल्वेच्या इंजिनांच्या मोटारी बनवणारा. काकांचं आयुष्य मोटारींच्या चाचण्यांत गेलेलं. ते म्हणाले, “अगं, बॅटरी झोपलेली असताना काय मोजतेस? माल पळत असताना मोज.”

माल म्हणजे करंट. काकांच्या त्या एका वाक्यात सगळं आहे! छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ फिरताना साधारण १५० अँपिअर खेचतो. ओहमने १८२७ साली मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला: करंट गुणिले रोध म्हणजे व्होल्टेज. आता या नियमात १५० अँपिअर घालून पाहा. वाटेत कुठे ०.०४ ओहमचा रोध आला, तर १५० गुणिले ०.०४, म्हणजे सहा व्होल्ट गायब! आणि ०.०४ ओहम साध्या मीटरवर थेट मोजताच येत नाहीत, मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध त्याहून जास्त असतो. तार तपासली तर ‘बीप’ वाजतं, तार चांगली ठरते. करंट वाहत नसतो तेव्हा हा दोष अदृश्य असतो, आणि १५० अँपिअर वाहू लागले की तो व्होल्टमध्ये मोजता येतो. याला व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात. ही इतकी साधी गोष्ट मला आजवर कुणीच कशी सांगितली नाही?

करायची रीत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, ओढणी आवळून बांधलेली, कारण पट्टा आणि पंखा जवळच असतात. काकांनी फ्यूएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला, म्हणजे सेल्फ इंजिन फिरवेल पण इंजिन पेट घेणार नाही आणि मीटरला आकडा स्थिर करायला वेळ मिळेल. काका किल्लीवर, मी मीटरवर. आधी धन बाजू: बॅटरीच्या धन टर्मिनलपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, आमचा आकडा ०.३. म्हणजे धन तार, तिचे जोड सगळं सुटलं! मग ऋण बाजू, बॅटरीपासून इंजिनपर्यंत. इथे मर्यादा ०.२. पहिल्यांदा सेल्फ मस्त फिरला आणि मीटर म्हणालं ०.९.

या ०.९ ने मी अक्षरशः थरारले. गाडी चालू होत असतानाही दोष तिथेच होता! मर्यादेच्या चौपटीहून जास्त, फक्त सेल्फ अडेल इतका नाही. ‘मेकॅनिकसमोर बिघाड दिसत नाही’ हे आपण सगळे म्हणतो, पण या बिघाडाने गाडी बंद पाडायची वाट बघावीच लागत नाही. तो चांगल्या दिवशीही मोजता येतो. मग पुन्हा किल्ली, पुन्हा किल्ली, आणि एकदाचं ते ‘टक्’ आलं. मीटरवर ६.२! त्याच क्षणी चालू ठेवलेले हेडलाइट मात्र जेमतेम मंदावले होते, कारण बॅटरीकडे भरपूर व्होल्टेज शिल्लक होतं. बॅटरी खरोखर संपली असती तर दिवे पार मिणमिणले असते.

मग जंपचं कोडंही सुटलं, आणि ते तर सगळ्यात सुंदर. जंप देताना शेवटचा काळा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूवर लावावा, हा शहाणपणाचा नियम, बॅटरीजवळ ठिणगी नको म्हणून. शेजारी तो नियम पाळत होते. त्यामुळे त्यांची काळी केबल परस्पर इंजिनला भिडत होती आणि आमच्या खराब जोडाला वळसा घालून त्यांच्या बॅटरीचा करंट परत जात होता. गाडी सुरू होत होती ती नुसत्या दुसऱ्या बॅटरीमुळे नव्हे, त्या बॅटरीच्या वेगळ्या अर्थमुळे!

आता तो जोड शोधायचा. इंजिन गाडीच्या अंगावर थेट बसवलेलं नसतं, रबरी माउंटिंगवर तोललेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते जवळजवळ अधांतरी. सेल्फमधून गेलेले ते १५० अँपिअर परत यायला तांब्याच्या वेणीसारखी एक अर्थची पट्टी असते. ती तुटली किंवा गंजली तर करंट भलत्याच वाटा शोधतो, क्लचची किंवा अॅक्सिलरेटरची लोखंडी केबलसुद्धा, आणि त्या केबली तापून जाम होतात. आमची पट्टी गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला होती, चाकाने उडणारं पाणी बरोबर तिथे. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सोडवला. पट्टीच्या टोकाच्या लगच्या खाली हिरवट पूड, गंज, चिखलाचा थर. धातूला धातू टेकत होता तो एखाद्या कोपऱ्यात. इंजिन दर झटक्याला रबरावर हलतं, लग किंचित सरकतो, कधी चांगला टेकतो, कधी नाही. म्हणून लहर! गाडीला लहर नव्हतीच, होता तो हा कोपरा.

दुरुस्ती फारच थोडी. बॅटरीचं ऋण टर्मिनल आधी काढायचं आणि शेवटी लावायचं, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. लग आणि त्याखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, बोल्ट नवा घातला, वरून ग्रीस, पाणी शिरू नये म्हणून. टर्मिनलवरची थोडी पांढरी पूड खायच्या सोड्याच्या पाण्याने फसफसवून धुतली. पुन्हा मीटर: ०.०८! सेल्फचा आवाजसुद्धा बदलला. आधी तो कण्हत होता हे मला आता, नवा आवाज ऐकल्यावर कळलं.

हा सेल्फ मुळात आला कुठून, तेही वाचून काढलं. चार्ल्स केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटार बसवत होता. तिथे त्याने हेरलं की मोटारीला काही क्षणच काम करायचं असेल, तर छोट्या मोटारीकडूनही प्रचंड जोर काढता येतो. त्यावरून १९१२च्या कॅडिलॅकला सेल्फ बसला आणि हँडल मारताना मनगटं मोडायची थांबली. काही क्षणांत प्रचंड जोर म्हणजे काही क्षणांत प्रचंड करंट. म्हणूनच सेल्फ सलग लांब मारायचा नसतो, आणि म्हणूनच एवढासा गंज त्याला आडवा करतो. शंभर वर्षांपूर्वीची ती युक्ती माझ्या बॉनेटखाली, माझ्या मीटरवर दिसत होती!

प्रत्येक गाडीत अर्थच असेल असं नाही. सेल्फच्या मोटारीला करंट जोडून देणाऱ्या सॉलेनॉइडमधले तांब्याचे काँटॅक्ट झिजले तरी असंच टक् येतं. तेव्हा सेल्फच्या जाड बोल्टवर बारा व्होल्टच्या आसपास येतात, पलीकडे मोटारीत उतरत नाहीत. टक्सुद्धा आलं नाही तर रिले, इग्निशन स्विच, बारीक तार इकडे बघायचं. पण सगळीकडे प्रश्न तोच: या दोन जागांमध्ये, माल पळत असताना, किती व्होल्ट हरवले?

आता गल्लीत ज्याची गाडी कुरकुरते तिथे मी मीटर घेऊन हजर असते. समोरच्या दादांच्या गाडीत धन बाजूला १.१ सापडले, टर्मिनलचा क्लॅम्प ढिला होता, तिथल्या तिथे आवळला. काकांनी भंगारातून एक जुना सेल्फ आणून ठेवलाय. रविवारी सॉलेनॉइड उघडून त्यातली खेचणारी आणि धरून ठेवणारी, अशी दोन वेगळी वेटोळी बघायची आहेत, आणि ते झिजलेले काँटॅक्ट हातात घ्यायचे आहेत. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी नऊला यावं, मीटर असेल तर घेऊन यावं.