पाऊणकीने भरती मोजणारे गुरुजी

मिरकरवाड्यातल्या प्राथमिक शाळेचे हे शिक्षक वस्तीत ‘गुरुजी’ आणि बंदरावर ‘मास्तर’ म्हणून ओळखले जात. पेशाने ते गणित आणि सामान्य विज्ञान शिकवणारे शिक्षक होते. त्यांचा उरलेला सगळा वेळ मात्र खडपांवर, किल्ल्यावर आणि रत्नागिरीभोवतालच्या सड्यांवर जाई. प्रस्तुत लेखक 1978 ते 1982 या काळात त्यांच्या वर्गात होता. येथे दिलेली माहिती त्या चार वर्षांत पाहिलेली आणि पुढे त्यांच्या निवृत्तीनंतरच्या भेटींत ऐकलेली आहे.

गुरुजी जन्माने दर्यावर्दी नव्हते. त्यांचे गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. डोंगर चढणे आणि नदीच्या डोहात पोहणे हे बालपणापासून अंगवळणी पडलेले, पण समुद्र त्यांनी पाहिला तो नोकरी लागल्यावर. मिरकरवाडा हे रत्नदुर्गाच्या पायथ्याचे मच्छिमार बंदर. शाळेतली बहुतेक मुले मासेमारीवर जगणाऱ्या घरांतली, दालदी, खारवी आणि भंडारी. मासेमारीचा हंगाम सुरू झाला की वर्ग निम्मा रिकामा होई. गैरहजर मुलांना शोधायला गुरुजी सकाळी बंदरावर जाऊ लागले आणि तेथेच समुद्राचे पहिले धडे मुलांच्या बापांकडून शिकले. होडीवर कसे बसायचे, पाग हे जाळे कसे फेकायचे, ओल्या खडपावर पाऊल कुठे टाकायचे, हे त्यांना चाळिशीच्या आसपास नव्याने शिकावे लागले. वर्गात ते हे मोकळेपणाने सांगत, आणि ज्या मुलाच्या वडिलांकडून शिकले त्याचे नावही घेत. अभ्यासात मागे असलेल्या मुलाला त्या दिवशी वर्गात जी उंची मिळे, ती दुसऱ्या कशानेही मिळाली नसती.

त्यांच्या शिकवण्याचा गाभा म्हणजे पाऊणकी. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोवर बहुतेक शाळांतून गेले होते. गुरुजींनी पाऊणकी मात्र ठेवली, कारण किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा तिच्यावर उभा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत मोजणी प्रतिपदेपासूनच. पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी येते. चंद्र रोज साधारण 50 मिनिटे उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. पाऊणकीने रोजची 45 मिनिटे मिळतात, म्हणून हिशेब थोडा कमी पडतो, पण कामापुरता जुळतो.

मुसलमान घरांत पंचांग नसे, तेथे चांदाची तारीख चाले. चंद्रकोर बहुधा शुद्ध द्वितीयेच्या संध्याकाळी दिसते आणि मोजणी तेथून सुरू होते. त्यामुळे ही तारीख तिथीच्या एखादा दिवस मागे राहते. तेवढा दिवस मिळवायचा, बेरीज पंधरापुढे गेली तर पंधरा वजा करायचे, मग पाऊणपट. बेरीज, वजाबाकी आणि अपूर्णांक असे एका उदाहरणात येत. फळ्यावर दोन रकाने असत, एक तिथीचा आणि एक चांदाचा, आणि दोन्हींचे उत्तर एकच येते का हे सगळा वर्ग श्वास रोखून पाही.

पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते. भरती सर्वांत उंच चढते आणि ओहोटीही सर्वांत खोल जाते. हिशेबाने ती ओहोटी पहाटे पाचच्या सुमारास आणि संध्याकाळी साडेपाचला पडते. म्हणून गुरुजींच्या खडपावरच्या फेऱ्या याच दिवशी आणि याच वेळी होत. एरवी पाण्याखाली असणारी कालवे, समुद्रफुले, तारामासे तेव्हा उघडे पडत. दगड उलटून पाहिला तर तो पुन्हा तसाच ठेवायचा आणि पाण्याकडे पाठ करायची नाही, हे दोन नियम कोणालाही मोडता येत नसत.

ठोकताळ्याची मर्यादाही वर्गाला लवकरच कळली. चौथीत असताना प्रस्तुत लेखक एकटाच कालवे काढायला गेला. तिथी पुढच्या दिवशीची धरली गेली, त्यात नैर्ऋत्येचा वारा होता. पाणी अपेक्षेआधी चढले आणि परतीची वाट बुडाली. जवळून जाणाऱ्या एका होडीने त्याला उचलले. गुरुजी रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेच उदाहरण फळ्यावर मांडले: तिथ्या सारख्या लांबीच्या नसतात, किनाऱ्याकडे वाहणारा वारा पाणी ढकलून आणतो, म्हणून येणाऱ्या उत्तराच्या दोन्ही बाजूंना एक तास मोकळा सोडायचा. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांना भरतीचा हा धडा अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला आणि तसा शेराही पडला. तो अन्यायच होता. त्या वर्गाइतके पक्के अपूर्णांक क्वचितच कोणा मुलांना येत असतील.

विज्ञानासाठी वाळू पुरत असे. रत्नागिरीला मांडवीची वाळू काळी, तर पलीकडच्या ‘पांढरा समुद्र’ या किनाऱ्याची फिकट. दोन्ही वर्गात येत. काळ्या वाळूत लोहचुंबक फिरवला की बारीक कण त्याला मिशांसारखे चिकटत; लोहयुक्त खनिजांची ओळख अशी होई. फिकट वाळूत शंखशिंपल्यांचा चुरा असतो. तिच्यावर लिंबू पिळले की बुडबुडे येत. खारे वारे आणि मतलई वारे शिकवायला पहाटे बंदरावर जाऊन उभे राहिले की पुरे होते: जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा त्या वेळी पाठीला लागतो.

किल्ल्याच्या फेऱ्या महिन्यातून एकदा असत. घोड्याच्या नालेसारखी त्याची रचना, तीन बाजूंचा समुद्र, भगवतीचे देऊळ आणि 1867 सालचे दीपगृह हे सर्व एका सकाळी पायाखालून जाई.

पावसाळ्यात मात्र त्यांचे मन सड्यावर असे. उन्हाळ्यात तापून काळा पडलेला कातळ पहिल्या पावसानंतर महिनाभरात हिरवा होतो. पांढऱ्या फुलांची दीपकाडी ही वनस्पती कोकणच्या अशा मोजक्या सड्यांवरच आढळते. ती दिसली की गुरुजी मुलांना गुडघे टेकून पाहायला लावत, तोडू देत नसत. सड्यांवर कोरलेल्या ज्या आकृत्यांना गावोगावी पांडवांची चित्रे म्हणत, त्यांचा कातळशिल्पे म्हणून पद्धतशीर शोध बऱ्याच नंतर झाला. 2022 मध्ये त्यांपैकी काही ठिकाणे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली. काशेळीचा सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती पाहायला गुरुजी निवृत्तीनंतर काठी टेकत गेले आणि पावलांनी त्याची लांबी मोजून आले.

निवृत्तीनंतरही ते मिरकरवाड्यातच राहिले. शेवटच्या दोन वर्षांत चालणे थांबले, तेव्हा जुने विद्यार्थी उधाणाच्या ओहोटीला त्यांना खुर्चीवर बसवून धक्क्यापर्यंत नेत. ते गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत पागाच्या शिशाच्या गोळ्या, एक लोहचुंबक आणि वर्षानुवर्षांची पंचांगे निघाली. समासात रोजची भरतीची वेळ पेन्सिलीने लिहिलेली होती: एक हिशेबाची, दुसरी प्रत्यक्ष पाहिलेली.

त्यांच्या वर्गातली काही मुले पुढे तांडेल, म्हणजे नौकेचे प्रमुख, झाली. नौकांवर आता जीपीएस आणि मासे शोधणारी यंत्रे आहेत. तरीही बंदराच्या तोंडाशी गाळ साचला की भरलेल्या नौकांना आत येण्यासाठी पाणी चढण्याची वाट पाहावी लागते. मोबाइलला रेंज नसेल तेव्हा हे तांडेल तिथी आठवतात, तिची पाऊणपट करतात आणि दोन्ही बाजूंना एक तास सोडून नौका बाहेर थांबवतात.